पाठीखालची हवा

उसाच्या फडाच्या कडेला, नाहीतर रस्त्याचं काम चालू असतं तिथं, एक दृश्य आपण सगळ्यांनीच पाहिलेलं आहे. काम करणारी आई दोन खुंटांना किंवा झाडाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधते. गाठ मारल्यावर हातानं दोन-तीनदा ओढून बघते. मग तळाशी गोधडीची घडी घालते आणि त्यावर बाळाला निजवते. झोळी जमिनीपासून वर असते, म्हणून मुंग्या-विंचवांची भीती कमी. वारा खेळता राहतो, म्हणून बाळ घामेजत नाही.

आता वर्गात एक प्रश्न विचारून बघा. थंडीच्या दिवसांत ही गोधडी बाळाच्या अंगावर घालायची की अंगाखाली? बहुतेक मुलं 'अंगावर' असं उत्तर देतील. आम्हीही आधी तेच म्हटलं असतं. पण एखाद्या थंड रात्री मोकळ्यावर झोळीत झोपलेला माणूस वेगळंच उत्तर देतो. अंगावर दोन-दोन पांघरुणं असूनही त्याची पाठ गारठून जाते. असं का व्हावं? या प्रश्नाचं उत्तर शोधताना आपल्याला पाचशे वर्षांचा आणि निम्म्या जगाचा प्रवास करावा लागतो.

मोठ्या माणसाच्या या झोळीला इंग्रजीत हॅमॉक म्हणतात. आपण तिला झुला म्हणू.

बेटावरचं अंथरूण

ऑक्टोबर १४९२ मध्ये कोलंबस आजच्या बहामा बेटांवर पोचला. तिथं आणि पुढं क्यूबात त्याला भेटलेले लोक सुती जाळ्यांमध्ये झोपत. रोजनिशीत त्यानं या जाळ्यांची नोंद केली आहे. हे लोक ताइनो. त्यांच्या भाषेत या जाळीला 'हमाका' असा शब्द होता. तोच स्पॅनिश भाषेनं उचलला आणि तिथून तो युरोपभर पसरला. डच लोकांनी तर त्याचं 'हांगमाट' करून टाकलं. त्यांच्या भाषेत याचा अर्थ 'टांगलेली चटई' असा होतो! शब्द परका आहे हे कोणाच्या लक्षातही येऊ नये इतका तो घरचा झाला.

ताइनो लोकांनी झुला का वापरला असेल, हे त्यांच्या प्रदेशाकडे पाहिलं की कळतं. उष्ण हवा, भरपूर पाऊस, ओली जमीन आणि जमिनीवर असंख्य किडे-मकोडे. अशा ठिकाणी कोरडं, हवेशीर आणि खांद्यावर टाकून नेता येईल असं अंथरूण हवं. कापसाची किंवा ताडाच्या जातीच्या झाडांच्या तंतूंची जाळी या सगळ्या अटी पुऱ्या करते. ओरिनोको आणि ॲमेझॉन नद्यांच्या खोऱ्यांतल्या अनेक जमाती आजही झुल्यातच झोपतात.

गोंझालो फर्नांदेझ दे ओव्हिएदो या स्पॅनिश लेखकानं १५२६ आणि १५३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत झुल्याचं बारकाईनं वर्णन केलं आहे. त्यातली एक गोष्ट आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. रात्री गारवा असेल तर हे लोक झुल्याच्या खाली किंवा जवळ ज्वाळा नसलेले निखारे ठेवत, असं तो सांगतो. ऊब कुठून द्यायची? खालून! म्हणजे झुल्यात थंडी पाठीकडून लागते हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी त्याचा नियम लिहून ठेवला नव्हता, पण त्यावरचा उपाय रोज वापरात होता.

जहाजावरचा झुला

युरोपातल्या खलाशांना झुला फार सोयीचा वाटला. तोवर ते बहुधा डेकच्या लाकडावरच झोपत. जहाज कलंडलं की झोपलेला माणूस घरंगळायचा. टांगलेल्या झुल्याचं तसं होत नाही. जहाज डावी-उजवीकडे हेलकावे घेतं, झुला मात्र ओळंब्यासारखा सरळ खाली लोंबत राहतो. इंग्लंडच्या आरमारानं १५९७ साली झुल्यांना मान्यता दिली.

पुढं आरमारात प्रत्येक खलाशाला झुला टांगायला १४ इंच, म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर रुंदीची जागा ठरलेली असे. पट्टी घेऊन बाकावर एवढं अंतर मोजून मुलांना दाखवा. निम्मे लोक पहाऱ्यावर असत म्हणून ही दाटी कशीबशी निभायची. दिवसा झुले गुंडाळून वर आणत आणि जहाजाच्या कठड्यालगत रचून ठेवत. लढाईत बंदुकीच्या गोळ्या आणि लाकडाच्या ढलप्या अडवायला त्यांचा उपयोग होई. समुद्रात कोणी मरण पावला, तर त्याच्याच झुल्यात शिवून त्याला जलसमाधी देत. खलाशाचं अंथरूण तेच आणि कफनही तेच.

या खलाशी झुल्यात एक पातळ गादी असे. ती केवळ मऊपणासाठी होती, असं आपल्याला वाटतं. तिचं दुसरं काम पुढं कळेल.

दोरी किती ताणायची?

झुला पहिल्यांदा बांधणारा जवळजवळ प्रत्येक जण एक चूक करतो. अंथरूण सपाट हवं म्हणून तो दोऱ्या ताणून ताणून झुला जवळजवळ आडवा करतो. अंग टाकलं की दोरी तुटते, गाठ सुटते किंवा खांब हलतो.

इथं बलांचा साधा नियम लागू होतो. डच अभियंता सायमन स्टेव्हिन यानं दोऱ्यांना टांगलेल्या वजनांचा आणि त्या दोऱ्यांतल्या ताणाचा विचार आपल्या लेखनात मांडला होता. झुल्यातल्या माणसाचं वजन खाली ओढतं. ते तोलायला दोन्ही दोऱ्यांनी मिळून वरच्या दिशेनं तेवढंच ओढलं पाहिजे. पण दोरी जितकी आडवी, तितका तिच्या ओढीतला वरच्या दिशेचा वाटा लहान. मग तो वाटा पुरा करण्यासाठी दोरीतला एकूण ताण वाढतच जातो.

समजा झोपणाऱ्याचं वजन ६० किलो आहे. दोरी आडव्या रेषेशी ४५ अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक दोरीवर सुमारे ४२ किलो वजनाइतका ताण येतो. कोन ३० अंश असेल तर बरोबर ६० किलोइतका. १० अंशांवर तो १७३ किलोच्या आसपास जातो आणि ५ अंशांवर ३४४ किलोच्या! माणूस तोच, दोरी तीच, फक्त कोन बदलला. म्हणून आजचे भटके ३० अंश हा कोन प्रमाण मानतात. त्याला कोनमापकही लागत नाही. हाताचा अंगठा आणि तर्जनी पिस्तुलासारखी धरायची. तर्जनी आडवी आणि अंगठा उभा ठेवला की दोरी या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेच्या आसपास असावी.

पण एवढ्या खोलगट झुल्यात पाठ केळ्यासारखी वाकणार नाही का? सरळ लांबीत झोपलं तर वाकतेच. ब्राझीलमध्ये रुंद झुले वापरतात आणि त्यांत तिरकं झोपतात. डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. तिरकं झोपलं की कापड ताणलं जातं आणि अंग बरंचसं सपाट राहतं. सैल झुल्यातच सपाट झोपता येतं, ही उलटी वाटणारी गोष्ट लोकांनी अनुभवानं शोधली. त्यासाठी त्यांना भूमितीचं पुस्तक लागलं नाही.

बर्फातल्या जहाजावर

आता थंडीकडे वळू. उत्तर अमेरिकेच्या वरच्या अंगानं पॅसिफिकला जायचा मार्ग शोधण्यासाठी इंग्रज कप्तान विल्यम एडवर्ड पॅरी १८१९ साली निघाला. 'हेक्ला' आणि 'ग्रायपर' ही त्याची दोन जहाजं १८१९–२० चा हिवाळा मेलव्हिल बेटापाशी बर्फात अडकून राहिली. जहाजात माणसांच्या श्वासातली आणि स्वयंपाकातली वाफ गार लाकडावर जमे आणि गोठे. भिंतीलगतच्या शेजा आणि अंथरुणं ओली होत.

या अनुभवातून पॅरी शिकला. १८२१ ते १८२३ च्या पुढच्या सफरीत त्यानं खलाशांसाठी भिंतीला लागून असलेल्या पक्क्या शेजांऐवजी झुले टांगले. शेगडीची गरम हवा झुल्यांच्या चारही बाजूंनी खेळू लागली आणि अंथरुणं कोरडी राहायला मदत झाली.

इथं जरा थांबून विचार करू. बेटावरच्या झुल्यात खालून वारा लागून अंग गार होतं. जहाजातल्या झुल्यात खालून-वरून हवा लागून अंग उबदार राहतं. झुला दोन्हीकडे एकच. फरक आहे तो भोवतालच्या हवेत. बंद आणि तापवलेल्या जागेतली हवा ऊब आणते, उघड्यावरची गार हवा ऊब घेऊन जाते. झुल्याचा जो गुण आहे तोच जागा बदलली की दोष ठरतो.

रम्फर्डचे गोळे

पांघरूण ऊब देतं म्हणजे नक्की काय करतं? याचा पद्धतशीर शोध बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड यानं घेतला. तो जन्मानं अमेरिकन, पण बव्हेरियाच्या इलेक्टरच्या, म्हणजे तिथल्या शासकाच्या नोकरीत होता. सैनिकांचे कपडे अधिक उबदार आणि स्वस्त कसे करता येतील हा त्याच्यापुढचा व्यावहारिक प्रश्न होता.

त्यानं एक सोपी युक्ती केली. तापमापीचा फुगा काचेच्या मोठ्या गोळ्यात मधोमध बसवला. मधल्या पोकळीत आळीपाळीनं रेशीम, लोकर, कापूस, सशाचे केस आणि ईडर बदकाची पिसं भरली. गोळा उकळत्या पाण्यात तापवायचा, मग बर्फात बुडवायचा आणि पारा ठरावीक अंश खाली यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. हे काम १७९२ साली प्रसिद्ध झालं. ऊब ही मुख्यतः तंतूंमध्ये अडकून पडलेल्या हवेमुळे मिळते, हा त्याचा निष्कर्ष होता. लोकर आणि पिसं हवेला हलू देत नाहीत, हेच त्यांचं मोठं काम. हवा उष्णता अजिबात वाहून नेत नाही, असंही तो म्हणाला. ते मात्र चुकीचं ठरलं. हवा वहन करते, पण फारच कमी.

आता आपला पहिला प्रश्न सुटतो. माणूस झुल्यात झोपला की त्याच्या वजनानं पाठीखालचं पांघरूण दाबलं जातं. पिसं किंवा कापूस चपटा होतो आणि त्यातली हवा बाहेर निघून जाते. अंगावरचं पांघरूण फुगलेलं, पाठीखालचं मात्र कागदासारखं. त्यात झुल्याच्या खाली जमीन नाही, वाहती हवा आहे. पाठीजवळ थोडी हवा गरम झाली की वारा ती उचलून नेतो आणि गार हवा तिची जागा घेते. हे अभिसरण रात्रभर चालू राहतं. जमिनीवर झोपणाऱ्याची उष्णता वहनानं मातीत जाते, झुल्यात झोपणाऱ्याची वाऱ्याबरोबर जाते. खलाशाची पातळ गादी आणि बाळाच्या झोळीतली गोधडी काय करत होती, हेही आता लक्षात येईल. गोधडीचे अनेक थर आणि त्यांमधली हवा बाळाच्या नाजूक वजनानं फारशी दाबली जात नाही.

साडेतीन हजार किलोमीटरची वाट

विसाव्या शतकात झुला पायी प्रवासाचं साधन म्हणून नव्यानं पुढं आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं पॅसिफिकच्या जंगलांसाठी मच्छरदाणी आणि छत जोडलेला झुला तयार केला. व्हिएतनाम युद्धात ट्रुओंग सोन पर्वतातून चालत जाणाऱ्या उत्तर व्हिएतनामी सैनिकांच्या पाठपिशवीत झुला असेच. पण हे सगळे उष्ण प्रदेश.

थंडीचा खरा कस लागला अमेरिकेतल्या ॲपलेशियन वाटेवर. बेंटन मॅकाय यानं १९२१ साली या वाटेची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती पूर्ण झाली. जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेन राज्यातल्या कटाडिनपर्यंत ती १४ राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर जाते. अर्ल शॅफर यानं १९४८ साली ती एका दमात पार केली आणि पुढं हजारो लोक त्याच्या मागून गेले. मेनमधला हिवाळा गाठण्याआधी पोचायचं, तर जॉर्जियातून मार्च-एप्रिलमध्येच निघावं लागतं. तेव्हा २,००० मीटरहून उंच चढणाऱ्या स्मोकी पर्वतांत रात्री पाणी गोठतं.

ही वाट जवळपास सगळी झाडीतून जाते. सपाट, कोरडी जागा शोधत बसण्यापेक्षा दोन झाडं शोधणं सोपं. म्हणून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुष्कळ भटके झुल्याकडे वळले आणि गार पाठीचा जुना अनुभव त्यांना नव्यानं आला. आधी त्यांनी पाठीखाली फोमची चटई घातली. फोममधली हवा बंद कप्प्यांत असते, वजनानं ती बाहेर जात नाही. पण चटई घसरते आणि खांदे उघडे पडतात. मग कोणीतरी रजई झुल्याच्या आत न घालता बाहेरून, खालच्या बाजूला टांगली. माणसाचं वजन झुल्याच्या कापडावर, रजईवर काहीच नाही. ती फुगलेली राहते आणि तिच्यातली हवा जागची हलत नाही. हिला 'अंडरक्विल्ट' म्हणतात. घरच्या शिलाई यंत्रावर स्वतःसाठी रजया शिवणाऱ्या हौशी भटक्यांचा या शोधात मोठा वाटा आहे.

निखारे ठेवणाऱ्या लोकांनी जी जागा हेरली होती, त्याच जागी ही रजई आली.

थंडीत झुला बांधताना

आधी जागा निवडायची. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि खोलगट भागात साठते. महाबळेश्वरला हिवाळ्यात हिमकण दिसतात ते वेण्णा तलावाच्या परिसरात, यामागं हेही कारण आहे. म्हणून ओढ्याकाठी किंवा दरीच्या तळाशी न थांबता थोडं वर, वाऱ्याच्या आडोशाला थांबावं. वर मान करून वाळक्या फांद्या नाहीत ना, हे पाहावं.

जिवंत, जाडसर आणि एकमेकांपासून चार-पाच मीटरवर असलेली दोन झाडं घ्यावीत. बारीक दोरी सालीत रुतते आणि सालीखालच्या जिवंत थराला इजा करते, म्हणून रुंद पट्टा वापरावा. पट्टा साधारण डोक्याच्या उंचीवर, कोन ३० अंश, आणि बसल्यावर झुला खुर्चीच्या उंचीवर यावा. पायांकडची बाजू थोडी वर ठेवली की माणूस घसरून मध्ये गोळा होत नाही. झुल्याच्या दोन टोकांमध्ये झुल्याच्या लांबीच्या सुमारे ८३ टक्के लांबीची दोरी बांधून ठेवली, तर झाडांमधलं अंतर कितीही असो, झोक रोज सारखाच येतो.

वरचं छत वाऱ्याच्या बाजूला खाली ओढून घ्यावं. पाऊस असेल तर पट्ट्यावर छताच्या आत एक सुतळी लोंबती बांधावी. पट्ट्यावरून ओघळत येणारं पाणी तिच्यावरून खाली टपकतं, झुल्यापर्यंत येत नाही. खालची रजई अंगाला जेमतेम टेकलेली हवी. सैल राहिली तर मधल्या फटीतून वारा शिरतो, फार आवळली तर तीच दाबली जाते. हे सारं अंधार पडण्याआधी, अंग गरम असताना करावं. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की विचारशक्ती मंदावते आणि हातांना गाठी सोडवणं जमत नाही. थकलेल्या माणसाच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते. घरच्या अंगणाजवळ एक थंड रात्र काढून पाहिल्याशिवाय डोंगरात झुल्यावर विसंबू नये, हे मुलांना जरूर सांगावं.

वर्गात करून पाहा

पहिला प्रयोग ताणाचा. दोन ताणकाटे, एक दोरी आणि एक किलोचं वजन घ्या. वजन दोरीच्या मधोमध टांगा आणि काट्यांमधलं अंतर हळूहळू वाढवा. प्रत्येक वेळी कोन आणि काट्यांवरचे आकडे लिहून आलेख काढा. दोरी पूर्ण आडवी करायला सांगा. कितीही ओढलं तरी ती थोडी वाकलेलीच राहते, का?

दुसरा प्रयोग पाठीखालच्या हवेचा. तीन सारख्या बाटल्यांत सारखंच गरम पाणी भरा. पहिलीला कापूस सैलसर गुंडाळा. दुसरीला तेवढ्याच वजनाचा कापूस घट्ट आवळून बांधा. तिसरी उघडीच टांगा. तिन्ही पंख्याच्या वाऱ्यात ठेवून दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा. रम्फर्डनं केलं ते याहून फार वेगळं नव्हतं.

आणि नंतर एक चर्चा जरूर करा. झुल्याचा शोध कोणाचा? स्टेव्हिन, रम्फर्ड, पॅरी ही नावं आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांनी लिहिलं आणि ते छापलं गेलं. कोलंबसनंतरच्या काही दशकांतच सक्तीची मजुरी, उपासमार आणि युरोपातून आलेले रोग यांनी ताइनो लोकांची संख्या भयंकर घटली. आज कॅरिबियन बेटांवर आपण ताइनोंचे वंशज आहोत असं अभिमानानं सांगणारे लोक आहेत, पण झुला पहिल्यांदा विणणाऱ्या एकाही माणसाचं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. लुगड्याच्या झोळीत गोधडीची घडी घालणाऱ्या आईचंही नाव कुठं छापलं जात नाही. तिला तसं का करते हे विचारायला मुलांना पाठवा. ती काय सांगते ते त्यांनी वहीत उतरवून आणावं.